कुंडीतली कोथिंबीर फुलावर येते तेव्हा: माझा अनुभव

कोथिंबिरीचं फुलावर येणं हा रोग नाही, म्हणून त्यावर औषधही नाही. हे मान्य केल्यापासून माझं अर्धं काम हलकं झालं. हे वर्षभराचं, किंबहुना त्याहूनही कमी दिवसांचं रोप. पाला द्यायचा, फुलाचा दांडा वर काढायचा, धने धरायचे आणि वाळून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. आपल्या हातात असतं ते पाल्याचे दिवस थोडे लांबवणं.

सुरुवात बियापासून. अख्खा धना म्हणजे एक बी नव्हे, ते फळ असतं आणि त्यात दोन बिया असतात. धने कापडावर पसरून त्यांवरून लाटणं हलकंच फिरवलं की त्यांचे दोन भाग होतात. जोर लावला तर चुरा होतो आणि तो उगवत नाही. फोडलेले धने 12 तास कोमट पाण्यात ठेवून निथळून लगेच पेरतो. दोन-दोन दिवस भिजत ठेवले की ते कुजतात. स्वयंपाकघरातले धने उगवतातही, पण ते जुने किंवा भाजलेले असले तर कुंडी रिकामीच राहते. म्हणून आधी 20 धने ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-बारा दिवस बघायचे. निम्म्यालाही मोड आले नाहीत तर दुसरं बी घ्यायचं.

कुंडी रुंद असो वा नसो, खोल हवी. निदान 20 ते 25 सें.मी. कोथिंबिरीला सोटमूळ असतं. ते तळाला टेकलं, तापलं किंवा दुखावलं की रोप पाला सोडून फुलाच्या मागे लागतं. रोपं एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावायची नाहीत ती याचमुळे. जिथे वाढवायची तिथेच पेरायची. निम्मी माती, पाव हिस्सा गांडूळखत आणि पाव हिस्सा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण मला पुरतं. 30 बाय 45 सें.मी.च्या ट्रेला फोडण्याआधी मोजलेले 50 ते 60 अख्खे धने भरपूर झाले. ओळींत 10 सें.मी. अंतर ठेवायचं, बी एक सें.मी. खोल टाकायचं आणि वर माती दाबून घ्यायची, कारण उजेडात राहिलेलं बी नीट उगवत नाही. सात ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. त्या दिवसांत वरची माती एकदाही कोरडी पडू देऊ नये. पुढे रोपांत चार-पाच सें.मी. अंतर राहील अशी विरळणी करायची, पण कात्रीने. उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं.

आता दांड्याबद्दल. त्याला घाई करायला लावणाऱ्या गोष्टी तीन: लांब दिवस, उष्णता आणि पाण्याची ओढाताण. त्यातला दिवस बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोथिंबीर लांब दिवसाला फुलणारी आहे. घरात एलईडी दिव्याखाली वाढवताना ‘जास्त उजेड, जास्त पाला’ असं वाटून मी टायमर 16 तासांवर ठेवला होता. रोपं सुरेख वाढली आणि लगेच दांड्यावर आली. आता 10 ते 12 तासांच्या पुढे जात नाही. बाहेर ठेवायची तर सकाळचं चार-पाच तासांचं ऊन आणि दुपारी सावली. कडक उन्हात 50 टक्के सावलीची शेडनेट. काळी प्लॅस्टिकची कुंडी तापलेल्या फरशीवर थेट ठेवू नये. मुळं भाजतात आणि वरून पाणी घालूनही रोप सुकल्यासारखं दिसतं. कुंडीखाली दोन विटा सरकवा, मातीवर वाळल्या पाल्याचा दोन सें.मी. थर द्या. पाणी बोट घालून बघून द्यायचं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं तर दांडाही येतो आणि रोपांना मरही लागते. बुडाशी काळं पडून माना टाकलेली रोपं वाचत नाहीत, ती काढून टाकायची.

चाहूल ओळखायला शिकायला हवं. आधी मधल्या शेंड्यातून एक कांडी सरळ वर येते, मग नवी पानं रुंद न येता शेपूसारखी बारीक चिरलेली येतात. कळी त्यानंतर. शेंडा खुडला तर आठवडाभर मिळतो. दांडा बगलेतून पुन्हा येतो आणि पानांचा वास उग्र होत जातो. दांडा छाटत बसण्यापेक्षा त्या दिवशी सगळी कुंडी कापून घेतलेली बरी.

कापणी 30 ते 45 दिवसांनी. बाहेरचे देठ मातीपासून तीन सें.मी. वर कापायचे, मधली कोवळी पानं राखायची, एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. असे दोन, फार तर तीन हात मिळतात. उशिरा फुलणारी म्हणून विकलं जाणारं बी, उदाहरणार्थ ‘कॅलिप्सो’, काही दिवस जास्त देतं. पण खरा उपाय एकच: दर दोन-तीन आठवड्यांनी नवी पेरणी. मी तीन ट्रे फिरते ठेवतो. एक उगवतीचा, एक कापणीचा, एक संपत आलेला.

संपत आलेल्यातली दोन-तीन रोपं फुलू द्यायची. पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा खातात, तो फायदा वेगळाच. हिरवे धने तसेच खाता येतात. बियाण्यासाठी मात्र दोन-तृतीयांश धने तपकिरी झाले की दांडा कापून कागदी पिशवीत उलटा टांगायचा. त्याहून उशीर केला तर धने कुंडीतच गळतात आणि पुढची पेरणी स्वतःच उरकून टाकतात.