जवसाचा निळा

उन्हाळ्यात विदर्भात बाहेर बसून चित्र काढणं म्हणजे उन्हाशी वैर घेणं. पारा 45च्या आसपास असतो. जलरंगाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिलं टोक वाळून मोकळं झालेलं असतं. पण खरं दुखणं सावलीचं. मेच्या चौथ्या आठवड्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि झाडाची सावली झाडाच्याच पायाशी गोळा होते. सावली नाही म्हणजे आकार नाही, सगळं वावर एकाच भगभगीत रंगाचं. डिसेंबरच्या 22 तारखेला तोच सूर्य ऐन दुपारीसुद्धा अर्ध्या उंचीवरच अडतो, आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्याएवढीच लांब पडते. बांधावरच्या बाभळीची, तुरीच्या ओळींची, सोडलेल्या बैलबंडीची... शिवारभर सावल्याच सावल्या. माझ्या लेखी चित्रकाराचं वर्ष तिथून सुरू होतं.

सावली काळ्या रंगानं काढायची सवय आपल्याला शाळेत लागते, ती सुटता सुटत नाही. हिवाळ्याची सकाळ नीट बघावी. ऊन जिथं पोचत नाही तिथं उजेड येतो तो नुसत्या आभाळाचा, आणि आभाळ निळं, म्हणून सावलीही निळी. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानं 1890-91मध्ये गावाकडच्या गव्हाच्या गंज्या पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्यातल्या काही गंज्या बर्फात उभ्या आहेत, आणि बर्फावर त्यांच्या निळ्या सावल्या. आमच्याकडे गंज्या ढीगभर, बर्फ मात्र कुठून आणणार? पण पांढरं शेत आमच्याकडेही असतं. बोंडं फुटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी.

ती रंगवणं मोठं अवघड. नवशिका पांढऱ्याचे ठिपके देत सुटतो आणि चित्राला देवी आल्यागत दिसतं. कापूस पांढरा असतो हे आपल्या डोक्यात असतं, डोळ्यांत नसतं. धुई असेपर्यंत बोंडं राखी-निळसर, दहाच्या उन्हात पिवळट, बाया वेचून घराकडे निघतात तेव्हा गुलाबी. निव्वळ पांढरा सगळ्या चित्रात चार-दोन जागीच पुरतो. मी आधी मागची काळी माती रंगवतो. सकाळच्या ओलीत तीही काळी नसते, जांभळ्याकडे झुकलेली असते. माती जमली की कापूस आपोआप उजळतो.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो जवसाचा निळा. पूर्वी हरभऱ्याच्या कडेनं दोन-चार तास, म्हणजे ओळी, जवसाचे असायचेच. आता शोधावे लागतात. डिसेंबर सरता सरता फुलं येतात. पाच पातळ पाकळ्या, त्यांवर गडद शिरा, आणि वाऱ्याबरोबर सगळी झाडं एकदम हलतात. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या झडून जातात. दुसऱ्या दिवशी नवी फुलं, नवा घोळ. अल्ट्रामरीन घ्यावा तर तो जरा जड पडतो. कोबाल्ट जवळ जातो, पण त्याची किंमत पाहून हात आखडतो. पांढरा किती आणि जांभळा किती हे जुळेपर्यंत मॉडेल उठून गेलेलं असतं.

गंमत अशी की तैलरंगाच्या ट्यूबमध्ये रंगाची भुकटी बहुतेक वेळा याच जवसाच्या तेलात घोटलेली असते. युरोपातले जुने चित्रकार ज्या लिननवर रंगवायचे, तो धागाही याच झाडाच्या खोडातून निघतो. तिकडे धाग्यासाठी उंच वाढणारं वाण लावतात, आपल्याकडे बियांसाठी बुटकं. मी मात्र मांजरपाटावरच रंगवतो, वर सरस आणि खडूच्या भुकटीचा हात. म्हणजे कापड पऱ्हाटीचं आणि तेल जवसाचं.

हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते घट्ट होतं, आणि थंडीत हे काम फार सावकाश चालतं. अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, टायटॅनियमचा पांढरा रेंगाळतो. (तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, आतल्या आत तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.) चित्र अंधारात पडून राहिलं तर तेल पिवळं पडतं, उजेडात आणलं की बरंचसं निवळतं. म्हणून थंडीत आमच्या ओसरीवर माझी चित्रं आणि घरातली म्हातारी माणसं शेजारी शेजारी ऊन खात बसतात. कोण आधी उठणार यावर पैज लावायची सोय नाही, कारण चित्र उठत नाही आणि म्हातारी माणसंही जेवणाची हाक आल्याशिवाय उठत नाहीत.

ज्यांच्या वावरात जवस आहे ते काकाजी रोज बांधावर येऊन बघून जातात. सुरुवातीला म्हणाले, ‘‘भाऊ, जवस काहाडून काय करता? संत्रं काहाडा, थे तरी खपते.’’ मी तेलाची शिशी दाखवली, नागपूरच्या दुकानातली किंमत सांगितली. त्यांनी शिशी उन्हात धरली, बूच काढून वास घेतला.

‘‘येवढुशा शिशीचे इतके पैसे? अन आमची म्हातारी त्याची चटनी करून राह्यली!’’

दुसऱ्या दिवशी ती चटणी भाकरीसोबत आली, सोबत एक कांदा. मी खात असताना त्यांनी चित्र जवळून बघितलं, लांबून बघितलं, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘‘अवंदा दोनच तास हायेत. पुढच्या साली चार पेरतो तुमच्यासाठी. पन मंग चित्रात माहे बैल पाह्यजेत. अन डावा बैल जरासा मोठा काहाडा, थो खराच मोठा हाय.’’