मण्यांची पाटी: चौथी ओळ आणि १९ मण्यांचा घोळ

मण्यांच्या पाटीवर मी अणूतले इलेक्ट्रॉन मांडते: एक मणी म्हणजे एक इलेक्ट्रॉन. आवर्तसारणीतल्या पहिल्या १८ मूलद्रव्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन, आठ, आठ. आरगॉनपर्यंत मणी मुकाट बसले. पाटी जुनीच आहे. एका चौकटीत फार तर दोन मणी, एकाचं लाल टोक वर, दुसऱ्याचं खाली (टोक म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फिरकीची दिशा). एस, पी, डी ही इलेक्ट्रॉनच्या कवचांतली उपकवचं: एसला एक चौकट, पीला तीन, डीला पाच. अक्षराआधीचा आकडा कवचाचा.

पोटॅशिअमचा १९वा मणी ३डी सोडून ४एसमध्ये गेला, कॅल्शिअमचा २०वाही तिथेच. स्कँडिअमपासून डी भरू लागलं. मग लोखंडाचा आयन (इथे, इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) करायला घेतला आणि फसले. लोखंडाचे ३डीत ६, ४एसमध्ये २. दोन काढायचे म्हणून शेवटी ठेवलेले डीतले उचलले. उतरंडीचं वरचं मडकं आधी काढावं तसे. पण प्रत्यक्षात ४एस रिकामं होतं. तिसराही गेला की डीत ५ उरतात: पाच चौकटींत एकेक, सगळी लाल टोकं वर.

‘भरताना ४एस आधी, काढतानाही ४एस आधी’ हे पाठ होतं, पटत नव्हतं. म्हणून १९ मणी तीनदा मांडले: पोटॅशिअमचा अणू, एक इलेक्ट्रॉन गमावलेलं कॅल्शिअम, दोन गमावलेलं स्कँडिअम. मणी तेवढेच. पण पहिल्या दोघांत शेवटचा मणी ४एसमध्ये बसतो आणि तिसऱ्यात चक्क ३डीत! केंद्रकात २१ प्रोटॉन झाले की ३डी आत ओढलं जाऊन ऊर्जेत ४एसच्या खाली उतरतं. (मग स्कँडिअमच्या अणूत तिन्ही मणी डीत का नाहीत? ३डी आटोपशीर, तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना जास्त ढकलतात. म्हणून दोघं ४एसमध्ये.)

म्हणजे गफलत पाटीतच होती. पुढच्या मूलद्रव्याला जाताना मी फक्त मणी वाढवत होते, प्रोटॉन मोजायला जागाच नव्हती. आयन करताना केंद्रक तेच राहतं, त्यामुळे आलेल्या वाटेने उलटं जाता येत नाही. आता कोपऱ्यात प्रोटॉनच्या आकड्याची चिठ्ठी लावते.

क्रोमिअम (३डीत ५, ४एसमध्ये १) आणि तांबं (१० आणि १) मांडून झाले. ‘अर्धं भरलेलं उपकवच स्थिर’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. क्रोमिअमच्याच स्तंभातलं टंगस्टन ५डीत ४ आणि ६एसमध्ये २ ठेवून मोकळं होतं.

पाचव्या ओळीसाठी ५एसची चौकट काल चिकटवली. पॅलॅडिअमला ती लागणारच नाही. त्याचे दहाच्या दहा ४डीत.