मुंबईच्या तारेचे दुसरे टोक

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून निघालेली गाडी पाच तासांहून अधिक प्रवास करून पेन्झान्सला थांबते आणि तिथे रूळच संपतात. पुढचा पोर्थकर्नोचा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आला, तेव्हा आमच्या चालकाला बस बरीच मागे घ्यावी लागली. कॉर्नवॉलच्या या टोकाला बहुतेक प्रवासी येतात ते कड्यावरचे मिनॅक नाट्यगृह आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने पांढरी झालेली पुळण पाहण्यासाठी. मी आलो होतो तो १८७० साली मुंबईपर्यंत पोहोचलेल्या समुद्री तारेचे इकडचे टोक पाहण्यासाठी.

ही तार खरे तर फॅल्मथला यायची होती. ती टाकणाऱ्या कंपनीच्या नावातही फॅल्मथ होते. परंतु त्या गजबजलेल्या बंदरात जहाजांचे नांगर केबल उखडतील अशी धास्ती वाटल्याने हे निर्जन खोरे निवडले गेले आणि जून १८७० मध्ये केबल या पुळणीवर ओढून घेण्यात आली. पुळणीच्या वरच्या अंगाला आज जी बसकी पांढरी खोली दिसते ती त्या काळची नव्हे, १९२९ सालची. समुद्रातून आलेल्या केबलींची टोके तिच्या भिंतीवर येऊन थांबतात. त्यांत मुंबईच्या नावाची केबल मिळणार नाही हे ठाऊक असूनही माझी नजर तेच शोधत राहिली. मुंबईला थेट जाणारी अशी एकसंध तार कधीच नव्हती. इथून लिस्बनजवळचे कार्काव्हेलोस, तिथून जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, मग जमिनीवरून सुएझ, पुढे एडन आणि शेवटी मुंबई असा तो टप्प्याटप्प्यांचा प्रवास होता. प्रत्येक टप्प्यावर एक माणूस आलेला मजकूर वाचत असे आणि दुसऱ्या चावीवर तो पुन्हा ठोकून पुढे पाठवत असे. ‘क्षणार्धात निरोप’ असे आपण म्हणतो खरे, परंतु तो निरोप हातोहात जात होता.

तारायंत्राचा शोध नेमका कोणाचा, या वादात मला फारसा रस नाही. १८३७ साली इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी त्याचे पेटंट घेतले, १८४४ साली मोर्सची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेली, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात, १८३९ साली, ओशॉघ्नेसी नावाचा डॉक्टर कलकत्त्याजवळ तारा ताणून स्वतःचे प्रयोग करत होता. पुढे त्याच्याच देखरेखीखाली १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली. खांब रोवले की जमिनीवरचे काम भागत असे. समुद्र ओलांडायला मात्र मलायातल्या झाडाचा चीक लागला. गटापर्चा नावाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो, थंड पाण्यात घट्ट होतो आणि वीज बाहेर झिरपू देत नाही. पोर्थकर्नोच्या तारसंग्रहालयात केबलीचा कापलेला तुकडा हातात घेता येतो. मधोमध तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, त्याभोवती काळपट गटापर्चा, त्यावर डांबरात भिजवलेले ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचे चिलखत. किनाऱ्याजवळचा तुकडा मनगटाहून जाड असतो, कारण खडक आणि नांगर यांच्याशी गाठ तिथेच पडते. खोल समुद्रातला तुकडा त्यामानाने अगदी किरकोळ वाटतो.

अशी हजारो किलोमीटर केबल पोटात घेऊन ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज जानेवारी १८७० मध्ये मुंबईला आले. सुएझ कालवा नुकताच खुला झाला होता, पण त्यातून हे धूड जाऊ शकत नव्हते, त्यामुळे ते आफ्रिकेला वळसा घालून आले. उन्हाने आतला गटापर्चा मऊ पडू नये म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. मुंबईहून ते केबल सोडत सोडत एडनच्या दिशेने गेले. या सगळ्या उद्योगामागे जॉन पेंडर हा कापडाचा व्यापारी होता, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या रुईचा भाव लवकर कळण्याची निकड का वाटत होती, हे वेगळे सांगायला नको. इराणच्या आखातातून येणारी तार १८६५ पासून होती, परंतु ती अनेक देशांच्या खुष्कीच्या तारांवरून, परभाषी तारमास्तरांच्या हातांतून येत असल्याने निरोपाला दिवसच्या दिवस लागत आणि पोहोचेपर्यंत मजकुराची दैना झालेली असे.

दुसऱ्या महायुद्धात कॉर्निश खाणकामगारांनी ग्रॅनाइट फोडून केलेल्या भुयारांत इथल्या तारकेंद्राची यंत्रे हलवली गेली, आणि संग्रहालयातील जुनी यंत्रे आज तिथेच मांडलेली आहेत. एका वयस्कर स्वयंसेवकांनी मला सायफन रेकॉर्डर चालवून दाखवला. पाण्याखालच्या लांब केबलीत विजेचा ठोका पसरट आणि क्षीण होत जातो. त्याने यंत्र खटखटवणे शक्य नसते. म्हणून विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने केसासारखी बारीक काचेची नळी लोंबती ठेवली, जी सरकत्या कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ काढते. रेघ वर गेली की मोर्स लिपीतले टिंब, खाली गेली की डॅश. डॅश लागोपाठ आले तर रेघ खालीच लोंबत राहते आणि तिच्यावर बारीक लाटा तेवढ्या उमटतात, त्या मोजायच्या. चावीलाही दोन पट्ट्या असतात, एक टिंबासाठी आणि एक डॅशसाठी. मी रोमन लिपीत ‘बॉम्बे’ ठोकले. पट्टी पाहून ते किंचित हसले आणि काही न बोलता तिची घडी घालून त्यांनी ती माझ्या हाती दिली.

निघण्यापूर्वी पुन्हा पुळणीवर गेलो. १९९७ साली टाकलेली फ्लॅग नावाची प्रकाशतंतूंची केबल याच गावात येते आणि तिचा एक फाटा मुंबईला पोहोचतो. सुमारे २८,००० किलोमीटर लांबीची ती केबल वाळूत गाडलेली असल्याने वरून काहीच दिसत नाही. तिच्यावर तीन मुले किल्ला बांधत होती.

मुंबईला परतल्यावर ती पट्टी आमच्या इमारतीतल्या काकांना दाखवली. त्यांनी उमेदीची सारी वर्षे तारखात्यात काढली, आणि जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते, असे काकू सांगतात. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “हे आम्हाला कुठलं यायला? आम्ही कानाने घ्यायचो.” वर-खालीचा नियम सांगितल्यावर मात्र त्यांनी चष्मा लावला आणि रेघेवरून नजर फिरवत टेबलावर बोटाने ती वाजवत गेले. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

“अरे, हे बॉम्बे नाही,” ते म्हणाले, “पहिल्या डॅशनंतर तीनऐवजी चार टिंबं मारलीस तू. बी नाही, सहाचा आकडा झालाय.”