एकदाच सेल्फ मारला

22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर मी पाहिला नाही. माझं वॉशिंग सेंटर सावर्ड्याच्या अलीकडे हायवेला, चढावर. आमच्याकडे नुसता पाऊस. पुराने काय केलं ते मला कळलं नंतर, एकेका बॉनेटखाली.

सोमवारी, 26 तारखेला सकाळीच टोइंगवाल्याने आप्पांची बोलेरो पिकअप आणून सोडली. आप्पांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, गोदाम बाजारपेठेत. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारात शिरल्या तेव्हा गाडी गोदामाच्या दारातच उभी होती. आप्पा मागोमाग कोणाच्या तरी बाइकवरून आले. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"पाण्यान काय ठेवलान नाय रे," एवढंच म्हणाले. मग गाडीकडे बोट दाखवून, "ही तेवढी धुवून दे. चकाचक नको. चालती कर."

मी बॉनेट उघडलं आणि क्षणभर इंजिन कुठे आहे तेच कळेना. पुराचा गाळ रस्त्यावरच्या चिखलासारखा नसतो. तो भिजवलेल्या मेंदीसारखा बारीक असतो, सुईच्या भोकातूनही आत जातो आणि मग तिथेच बसतो. बॅटरीवर, फ्यूज बॉक्सवर, पाइपांच्या सांदीत, सगळीकडे एकच रंग. वास मात्र नुसत्या मातीचा नव्हता. बाजारातलं कुजलेलं धान्य, गटार, डिझेल, सगळं त्यात होतं. बॅटरीच्या ट्रेखाली एक खेकडा होता, जिवंत. माझ्या पोऱ्याने तो उचलून समोरच्या वहाळात सोडला. त्या आठवड्यात आम्ही गमबूट आणि रबरी हातमोज्यांशिवाय एकाही गाडीला हात लावला नाही. लेप्टोची, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती कोकणात कोणाला सांगावी लागत नाही.

पोऱ्याने सवयीने प्रेशर पंपाची गन उचलली. मी ती काढून घेतली. हे मी शिकलो ते एका नवरदेवाच्या गाडीवर. लग्नाच्या सकाळी पेट्रोल गाडी आली, म्हटलं इंजिनही चमकवून देऊ. जवळून प्रेशर मारला, स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत पाणी साचलं, गाडी तीन सिलिंडरवर खोकायला लागली आणि नवरदेव रिक्षाने मांडवात गेला. तेव्हापासून बॉनेटखाली गन लांब धरायची आणि जपून वापरायची. गाळाच्या गाडीला तर सुरुवातीला नाहीच. प्रेशरने गाळ निघत नाही, कनेक्टरच्या आत ठासला जातो.

पण त्या दिवशी गन काढून घेण्याचं कारण दुसरं होतं. आप्पांनी फुल इन्शुरन्स कधी चुकवला नव्हता. सर्व्हेअर यायच्या आधी गाडी धुतली तर पुरावाच धुतला जातो. मी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि मोबाइलने फोटो काढत सुटलो. नंबर प्लेट, चासी नंबर, डॅशबोर्ड, आणि केबिनच्या पत्र्यावरची पाण्याची रेघ. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, एअर फिल्टरच्या तोंडाच्या वितभर वर. फिल्टरचं झाकण काढलं तर आत कागद दिसेचना. गाळाची वडीच थापलेली.

"आप्पा, पाणी उतरल्यावर कोणी चावी फिरवली का?"

आप्पा गप्प. मग म्हणाले, "पुतण्यान एकदाच सेल्फ मारलान. टक् झालं. परत नाय मारला."

ते टक् ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. सिलिंडरमध्ये हवा असली तर पिस्टन ती दाबतो. पाणी दाबलं जात नाही. पाणी भरलेल्या इंजिनाला सेल्फ मारला की पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणजे इंजिन खाली. आणि मालकाने पाणी भरलेली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन गेलं, तर साध्या फुल पॉलिसीत आतलं काम बहुतेक मिळत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं जोडकव्हर लागतं. आप्पांच्या जुन्या पिकअपला ते कुठून असणार?

सर्व्हेअर चार वाजता आले. त्या दिवसांत ते चिपळूण-सावर्डे पट्ट्यात गाडीमागून गाडी बघत फिरत होते, डोळे तारवटलेले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. फोटो काढले, रेघ मोजली आणि कागदावरून मान वर न करता विचारलं, "चालू करायचा प्रयत्न केला होता?"

मी आप्पांकडे पाहिलं. खरं सांगतो, मनात म्हणत होतो, नाही म्हणा. कोणाला कळणार होतं?

"एकदा," आप्पा म्हणाले.

सर्व्हेअरनी पेन थांबवलं. "तसं लिहावं लागेल मला."

"लिहा."

ते गेल्यावर माझाच राग अनावर झाला. आप्पांवर, पुतण्यावर, त्या गाळावर. आप्पा टायरवर बसून चहा पीत होते. मी काही बोललो नाही, कामाला लागलो.

आधी कोरडं काम. बांबूच्या कामट्या, जुने टूथब्रश, रंगाचे ब्रश, आणि बोटं. ओला गाळ थरांनी सुटतो, वाळला की सिमेंट, म्हणून थांबायला वेळ नव्हता. दोन घमेली भरली. बॉनेटच्या आतलं फोम चिंब झालं होतं, ते फाडून टाकलं, ते काही वाळत नाही. मग कनेक्टर एकेक सोडवले, फ्यूज आणि रिले काढून ताटलीत मांडले. नंतर बागेच्या नळीने, बिनदाबाचं पाणी, वरून खाली, निवळ येईपर्यंत. मग डीग्रीझर, ब्रश, पुन्हा पाणी. काही जण इथे रॉकेल किंवा डिझेल मारतात. इंजिन तासभर चमकतं, रबरी पाइप फुगतात आणि आग लागायची सोय होते ती वेगळीच. रेडिएटर मात्र आतून बाहेर धुवायचा, पंख्याच्या बाजूने. समोरून मारलं तर जाळीतला गाळ अजून आत जातो.

गाडी जुनी, मेकॅनिकल पंपाची, ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची भानगड नाही, हे एक बरं होतं. लाइट नव्हती. जनरेटरवर कॉम्प्रेसर आणि 500 वॅटचा हॅलोजन चालवला. जुलैच्या हवेत काही वाळत नाही, शेवटी बायकोचा हेअर ड्रायर आणला. तो तिने नंतर परत घेतला नाही.

सातच्या सुमाराला शेजारच्या गॅरेजचे मिस्त्री आले. ऑइल काढलं तर पाणी मिसळून दुधाचा चहा झालेला. त्यांनी चारही इंजेक्टर उतरवले. क्रँकच्या पुलीला पाना लावून हळूहळू फिरवायला लागले. दोन भोकांतून गढूळ पिचकारी उडाली, एक थेट माझ्या तोंडावर. पण पुली पूर्ण फिरली. पुन्हा फिरली. कुठेही अडकली नाही.

"मग टक् कसलं?" मी विचारलं.

मिस्त्रींनी सेल्फ खाली उतरवला आणि उघडला. आत गाळ असा बसला होता की कार्बन ब्रश दिसत नव्हते, आर्मेचर हाताने हलत नव्हतं. बॅटरीत जीव होता-नव्हता तेवढा, सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइड टक् करून थांबला. सेल्फने इंजिन फिरवलंच नव्हतं. ज्या गाळाला मी दिवसभर शिव्या घातल्या, त्यानेच रॉड वाचवले होते. मिस्त्री हसले, मी मात्र हसू शकलो नाही. दुपारी मनात काय म्हणत होतो ते आठवत होतं.

सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंगची दुरुस्ती, दोनदा ऑइल बदल, फिल्टर. गाडी गुरुवारी सुरू झाली. पंधरा मिनिटं पांढरा धूर ओकला, मग आवाज बसला. मिस्त्रींनी गेज लावून कम्प्रेशन बघितलं, चारही ठीक. क्लेममध्ये काय मिळालं, काय कापलं, तो हिशोब आप्पांचा.

इंजिनावर चकाकीचा स्प्रे मारू का, असं पोऱ्याने विचारलं. आप्पांनी हात जोडले.

आठ दिवसांनी पिकअप परत दारात. चासीच्या भोकांतून उरलेला गाळ अजून ओघळत होता, तो असा कित्येक दिवस येतच राहतो. पण बॉनेट उघडलं तर आत ताजा चिखल, पार अल्टरनेटरपर्यंत.

"हे काय आप्पा?"

"गोदामातला गाळ वाहिला. आठ खेपा झाल्या," आप्पा म्हणाले. "अजून चार हायत. आत्ता नुसतं रेडिएटर मोकळं कर. सगळं झालं की मग परत धू."