आहारतज्ज्ञ असून गोळी कशाला?

‘तुम्ही स्वतः आहारतज्ज्ञ, मग डिप्रेशनची गोळी कशाला? दूध-केळं, पनीर खाऊन नाही का भागत?’ भिशीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा तर एका पेशंटबाईंनी वजनकाट्यावर उभ्या उभ्या विचारलं.

दूध-पनीरमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून मूडशी संबंध असलेलं सेरोटोनिन हे रसायन बनतं, हे वर्षानुवर्षं मीच सांगत आलेय. खोटं नाही, अर्धवट आहे. पनीर खाल्लं की ट्रिप्टोफॅनबरोबर ल्युसीन, व्हॅलीन ही इतर अमिनो आम्लांची मंडळीही रक्तात येतात. मेंदूत शिरायचं दार सगळ्यांना एकच, आणि त्या गर्दीत ट्रिप्टोफॅन अगदीच मूठभर. शिवाय त्याचा मोठा वाटा सेरोटोनिन न बनता कायन्युरेनिन या दुसऱ्याच रसायनाच्या वाटेनं जातो. अंगात संसर्ग असला की आयडीओ नावाचं एन्झाइम वाढतं आणि आणखी ट्रिप्टोफॅन तिकडे ओढलं जातं. हेपटायटिस सी साठी इंटरफेरॉन हे आयडीओ वाढवणारं औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांना नैराश्य यायचं, त्यामागे हाही धागा असावा असं मानतात.

हे सगळं मला पाठ होतं. तरी २०१९ च्या पावसाळ्यात डेंगीतून उठले आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. म्हटलं, अशक्तपणा आहे, प्रोटीन वाढवू.

सहाव्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता मी ओट्याशी उभी. छोट्या काट्यावर पनीर. ९८ ग्रॅम. कोपरा तोडून ठेवला, १०३. काढला, ९७. काटा आपोआप बंद पडायचा, मी परत चालू करायचे. नखांत चुरा, मनगटावरून पाणी ओघळतंय. ९८ चालेल की नाही, एवढं ठरत नव्हतं. सासूबाई पाणी प्यायला उठल्या. काही बोलल्या नाहीत. काटा उलटा केला, सेल काढले, पदराच्या गाठीत बांधले आणि जाऊन झोपल्या. मग मला रडू आलं. महिनाभर तेही आलं नव्हतं. पनीरची सकाळी भुर्जी झाली, मुलाच्या डब्यात गेली.

आता लगेच ‘म्हणजे आहाराचा उपयोग नाही’ म्हणू नका. १९९० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी औषधानं सावरलेल्या रुग्णांमधलं ट्रिप्टोफॅन आहारातून घटवलं, तर बऱ्याच जणांचं नैराश्य काही तासांत परतलं. काढून घेतलं की बिघडतं, एवढं त्यातून दिसलं. जास्त घातलं की सुधारतं, हे मी माझ्या पदरचं जोडलं होतं.

गोळी चालू आहे. पनीरही खाते, न मोजता. त्या पावसाळ्यात मला डेंगीनं पाडलं, गोळी सोडल्यानं की दोन्हींनी, मला आजही सांगता येत नाही. माझ्या छापील तक्त्यातलं ‘मूड सुधारतो’ हे वाक्य अजून खोडलेलं नाही.

त्या बाईंना म्हटलं, ‘आधी चपला काढून उभ्या राहा.’