वाघ, बिबट्या आणि चित्ता

मराठीत ‘वाघ’ हा शब्द एकाच प्राण्यापुरता कधी मर्यादित नव्हता. संस्कृत ‘व्याघ्र’पासून आलेला हा शब्द बोलीभाषेने अंगावर पट्टे असलेल्या आणि ठिपके असलेल्या अशा दोन्ही मोठ्या मार्जारांना लावला, आणि नेमके सांगायची वेळ आली की एकाला ‘पट्टेरी वाघ’ किंवा ‘ढाण्या वाघ’ आणि दुसऱ्याला ‘बिबट्या’, ‘बिबळ्या’ किंवा ‘बिबट्या वाघ’ म्हटले. जुन्नर परिसरातील उसाच्या पट्ट्यात कोणी ‘वाघ दिसला’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याला बिबट्याच अभिप्रेत आहे हे कळते. वारली समाजाचा वाघोबा हा देवही या दोघांना आपल्यात सामावून घेतो. बोलीतील हा वापर मला चुकीचा वाटत नाही. त्यामागे त्या प्राण्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचा अनुभव आहे.

लिखित मराठीत मात्र, विशेषतः बातमीत, हा सैलपणा नसावा. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि बिबट्या दोघेही आढळतात, आणि गावाजवळ नेमके कोण वावरते आहे यावर लोकांनी घ्यायची काळजी व वनविभागाने करायची उपाययोजना अवलंबून असते.

खरी गफलत ‘चित्ता’ या शब्दाची होते. बिबट्याच्या छायाचित्राखाली ‘चित्ता’ असे छापलेले आजही दिसते. हा शब्द ‘चित्रक’, म्हणजे ठिपकेदार, या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी जोडला जातो, त्यामुळे गोंधळाचे मूळ समजण्यासारखे आहे. पण प्राणी अगदी वेगळे आहेत. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याच्या अंगावर पोकळ, फुलासारखी वर्तुळे असतात, तो शिकार झाडावर ओढून नेतो आणि त्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखरीत असतो. चित्त्याला तर डरकाळी फोडताच येत नाही. शिवाय भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्येच जाहीर झाले होते, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. तेव्हा आपल्या उसात किंवा वस्तीत दिसणारा ठिपकेदार प्राणी बिबट्याच असतो.

‘ब्लॅक पँथर’ हीदेखील निराळी जात नव्हे. आपल्याकडे रंगद्रव्याच्या आधिक्यामुळे काळा झालेला तो बिबट्याच असतो आणि तिरप्या उजेडात त्याच्या अंगावरची वर्तुळेही दिसतात. म्हणून ‘काळा बिबट्या’ हे मराठी नाव मला अधिक अचूक वाटते.