आमची वाटचाल : आतल्या उंच काचांचं काम

सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे ॲल्युमिनियमची एक शिडी, दोन बादल्या आणि मला धरून तीन माणसं होती. बाहेरच्या काचा धुणारे पुष्कळ होते. आतल्या उंच काचांकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. प्रवेशदालनाच्या डोक्यावर किंवा जिन्याच्या मोकळ्या उंचीत अशा काचा असतात, की बसवल्यापासून त्यांना कुणाचा हात लागलेला नसतो. बाहेरून लख्ख, आतून धुरकट. तेच काम आम्ही धरलं.

पहिली दोन वर्षं शिडीवर गेली. शिडी ४ मीटरवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून १ मीटर लांब, हे आम्ही पाळत होतो. तरी एका दालनात पॉलिश केलेल्या फरशीवर तो पाय वीतभर सरकला. वरच्याने खिडकीची चौकट धरली, खालच्याने शिडी खांद्यावर झेलली. कुणाला लागलं नाही, पण मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ३ मीटरच्या वरची काच शिडीवरून पुसणं बंद केलं, आणि त्यामुळे हातची काही कामं गेली. त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे.

मग चाकांची परांची घेतली. चाकांना ब्रेक, बाजूला टेकू, आणि वर माणूस असताना ती हलवायची नाही. निर्धास्त काम, पण संथ. दर दोन काचांमागे माणूस खाली उतरणार, परांची सरकवणार, पुन्हा चढणार.

खरा बदल लांब पोलने, म्हणजे जमिनीवरूनच वर पोचणाऱ्या दांड्याने झाला. बाहेरच्या काचांसाठी क्षार काढलेलं पाणी पोलमधून वर नेतात. त्यात क्षारच नसल्याने काच नुसती वाळू दिली तरी डाग राहत नाहीत. आत ही पद्धत चालत नाही, कारण ते पाणी खाली गालिच्यावर, टेबलांवर, विजेच्या बोर्डांवर येतं. म्हणून आम्ही तेच पाणी मायक्रोफायबरच्या सपाट पॅडवर जेमतेम फवारून वापरायला लागलो. क्रम बसायला बरेच दिवस गेले. आधी पोलला ब्रश लावून व्हॅक्यूमने धूळ आणि जळमटं ओढायची. थेट ओला पॅड फिरवला तर धुळीचा चिखल होऊन कोपऱ्यांत बसतो. मग ओलसर पॅड, शेवटी कोरडा. पॅड धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालायचं नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पुढच्या काचेवर ओघळ उठतात. वातानुकूलनाच्या झडपांजवळचा चिकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही, तिथे साबण लागतोच. काचेवर चिकटवलेली पातळ फिल्म असेल तर ब्लेड आणि अमोनियाचं औषध दोन्ही बाजूला ठेवायचं.

पोल लांबला की त्याचं टोक झुलतं. कार्बन फायबरचा पोल हलका आणि ताठ, पण ॲल्युमिनियमसारखाच तोही वीज वाहून नेतो, म्हणून दिव्यांच्या तारा पाहिल्याशिवाय तो उचलत नाही. मान वर करून काम करणाऱ्याला २० मिनिटांनी बदली देतो. हे ग्राहकाला वेळकाढूपणा वाटतं, तेव्हा मी त्यालाच पाच मिनिटं पोल धरून पाहायला सांगतो.

जिथे पोल पुरत नाही तिथे सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या पायांवर माणसाला वर नेणारं चाकांचं यंत्र. लहान लिफ्टचंही वजन बरेचदा एक टनाच्या वर असतं, आणि ते सगळं चार चाकांखालच्या एवढ्याशा फरशीवर येतं. खाली तळघर आहे का, लादी पोकळ बसलेली आहे का, लिफ्ट दारातून आत येते का, हे आधी बघावं लागतं. स्लॅब किती भार घेईल हे लेखी मिळालं नाही म्हणून एक मोठं काम मी सोडलं आहे.

एक चूक मात्र सरळ आमची. उंच दालनांत धूर ओळखण्यासाठी कधीकधी एका भिंतीवरून समोरच्या भिंतीपर्यंत प्रकाशाचा झोत सोडलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आमचा पोल त्यात गेला, आगीचा भोंगा वाजला आणि भरलेली इमारत रिकामी झाली. लोक भर कामातून उठून बाहेर उभे राहिले होते. तेव्हापासून पाहणीला गेलो की आधी त्या यंत्रणेची माहिती असलेल्या माणसाला भेटतो, आणि काचा नंतर पाहतो.

आज आम्ही अकरा जण आहोत. बहुतेक कामं रात्री होतात, आणि रात्रीच्या दिव्यांत ओघळ दिसत नाहीत. म्हणून एक जण सकाळी मागे थांबतो, तिरपं ऊन काचेवर येईपर्यंत. त्याच्याजवळ एक पोल आणि दोन कोरडे पॅड ठेवलेले असतात.